परसबागेसाठी निरोगी रोपे कशी निवडावीत : जागेच्या पाहणीपासून लागवडीपर्यंत

रत्नागिरीकडचे घर सोडून आम्ही पुणे जिल्ह्यात पुरंदरच्या बाजूला घर बांधले, तेव्हा माहेरच्या अंगणात जे होते तेच इथेही असावे एवढीच माझी इच्छा होती. म्हणून पहिल्याच पावसाळ्यात मी गावाकडून अनंत, जायफळ, सुरंगी आणि हापूसची दोन कलमे आणली आणि वाटेतल्या एका रोपवाटिकेतून फुलांनी डवरलेली दहा-बारा रोपे घेतली. दिवाळीपर्यंत अनंताची नवी पाने पिवळी पडली, जायफळ मार्चमधल्या कोरड्या वाऱ्यात वाळले, सुरंगी तग धरू शकली नाही आणि हापूस जगला तरी वाढला नाही. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांपैकी निम्मी तर पहिल्या दोन महिन्यांतच गेली. ती उपटून पाहिली, तेव्हा त्यांची मुळे पिशवीच्या आकारातच गोल गुंडाळलेली होती.

या नुकसानीत दोन वेगळ्या चुका एकत्र झाल्या होत्या, हे समजायला मला दोन वर्षे लागली. गावाकडून आणलेली रोपे उत्तम होती, पण ती या जमिनीची नव्हती. वाटेत घेतलेल्या रोपांपैकी बरीचशी या जमिनीत सहज येणारी होती, पण ती मुळातच निरोगी नव्हती. रोप घेताना हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात आणि त्यांचा क्रमही पाळावा लागतो : हे झाड माझ्या जागेत येईल का, हा पहिला प्रश्न, आणि समोर ठेवलेले हे एक रोप धडधाकट आहे का, हा दुसरा. पुढील टप्पे याच क्रमाने मांडले आहेत. घराभोवती गुंठा-दोन गुंठे तरी जमीन आहे आणि जे पहिल्यांदाच झाडे लावत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. गच्चीवरच्या कुंड्यांचे गणित वेगळे असल्यामुळे तो विषय येथे घेतलेला नाही.

१. सुरुवातीला लागणारे साहित्य आणि कागद

पाहणीसाठी एक वही, मोजपट्टी, कुदळ आणि पहार, एक बादली, झाकणाची काचेची बरणी आणि थोडे व्हिनेगर पुरेसे आहे. खरेदीच्या दिवशी जागेचा हाताने काढलेला नकाशा, मोठ्या झाडांच्या अंतरांची नोंद, ओली गोणपाटे आणि रोपे उभी ठेवता येतील अशी एखादी पेटी सोबत असावी. कागदांपैकी माती आणि पाण्याच्या तपासणीचा अहवाल आधी मिळवावा. फळझाडे घेतल्यावर जातीचे नाव, कलमाचा प्रकार आणि रोपवाटिकेचा परवाना क्रमांक लिहिलेली पक्की पावती मागून घ्यावी. ही पावती बहुतेक जण घेत नाहीत. फळझाड खोट्या जातीचे निघाले हे कळायला चार वर्षे जातात आणि तेव्हा हातात कागद नसेल, तर विचारायचे तरी कोणाला?

२. जागेवरचे ऊन मोजा

ऊन भरपूर आहे, असे आपण सरसकट म्हणतो. पण घराच्या चार बाजूंना चार वेगवेगळी हवामाने असतात. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, त्यामुळे दहा मीटर उंच घराची सावली उत्तरेला जवळजवळ नऊ मीटर पडते. याउलट मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो. म्हणजे घराच्या उत्तरेचा पट्टा सगळा हिवाळा सावलीत राहतो आणि ऐन मे महिन्यात मात्र तिथे कडक ऊन येते. अशा जागी हिवाळ्यात उन्हाची गरज असलेला गुलाब फुलत नाही आणि सावली आवडते म्हणून लावलेले नेचे मे महिन्यात करपतात. पश्चिमेच्या भिंतीजवळची जागा सर्वांत कठीण असते, कारण दुपारनंतरच्या उन्हात भिंत तापते आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता सोडत राहते.

यासाठी एका मोकळ्या दिवशी सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ वाजता सावली कुठपर्यंत येते ते नकाशावर आखा आणि सहा महिन्यांनी पुन्हा आखा. सहा महिने थांबणे शक्य नसेल, तर निदान शेजारच्या इमारतीची उंची आणि दिशा लक्षात घ्या. सहा तासांहून अधिक थेट ऊन मिळणारी जागा फळझाडे, मोगरा, गुलाब आणि जास्वंदीसाठी राखावी. तीन-चार तासांचे सकाळचे ऊन असेल तिथे अनंत, अबोली किंवा कढीपत्ता चालतो, अर्थात माती योग्य असेल तर.

३. मातीची ओळख करून घ्या

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच सर्वाधिक वेळा गाळला जातो. महाराष्ट्राच्या पठारावरची काळी माती बेसॉल्ट खडकापासून झालेली आहे; तिच्यातील चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा मातीत अन्नद्रव्ये भरपूर असतात, पाणीही खूप काळ टिकते. मात्र पावसाळ्यात मुळांना हवा मिळत नाही आणि उन्हाळ्यात भेगांमुळे बारीक मुळे तुटतात. कोकणातील जांभ्याची तांबडी माती याच्या अगदी उलट असते. ती आम्लधर्मी असते, पाणी पटकन निचरून टाकते आणि पावसाबरोबर तिच्यातील अन्नद्रव्येही वाहून जातात. अनंत, जायफळ, सुरंगी ही झाडे त्या मातीत आणि त्या दमट हवेत रमणारी आहेत, हे मला माझ्या वाळलेल्या रोपांनी शिकवले.

पहिली तपासणी बरणीत करा. बरणीचा एक-तृतीयांश भाग मातीने आणि उरलेला पाण्याने भरून ती जोरात हलवा व स्थिर ठेवा. मिनिटाभरात तळाशी बसते ती वाळू, दोन-तीन तासांत तिच्यावर बसतो तो गाळ आणि दुसऱ्या दिवसापर्यंत किंवा त्याहून उशिरा बसते ती चिकणमाती. तीन थरांची जाडी पाहिली की माती भारी आहे की हलकी, याचा अंदाज येतो.

दुसरी तपासणी चुनखडीची. कोरड्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बुडबुडे येऊन फसफसले, तर मातीत मुक्त चुना बराच आहे. अशा मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही, नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माझ्या अनंताला नेमके हेच झाले होते आणि मी त्याला शेणखत घालत राहिले. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडत असतील तर ते नत्राच्या कमतरतेचे लक्षण असते. दोन्हींमध्ये गल्लत करू नका. मुक्त चुना १० टक्क्यांहून अधिक असेल, तर लिंबू, संत्रे, मोसंबी यांच्या नादी लागू नये.

तिसरी तपासणी निचऱ्याची. एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरा व जिरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून तासाला पाणी किती खाली जाते ते मोजा. तासाला अडीच ते सात सेंटिमीटर पाणी उतरत असेल, तर निचरा चांगला आहे. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात दिसत असेल, तर त्या जागी पपई, डाळिंब किंवा सीताफळ लावू नका. लावायचेच असेल तर दीड-दोन फूट उंच वरंबा करून त्यावर लावा.

एका गोष्टीबद्दल विशेष सावध करावेसे वाटते. नव्या बांधकामाच्या भोवती जी माती दिसते, ती बहुधा वरून आणून टाकलेली असते आणि तिच्याखाली विटा, सिमेंट, चुना यांचा राडारोडा पुरलेला असतो. म्हणून मोठे झाड जिथे लावायचे आहे तिथे पहारीने निदान तीन फूट खोल जाऊन पाहा. आमच्याकडे वरची नऊ इंच माती सुरेख काळी होती, तिच्याखाली फूटभर राडारोडा आणि त्याखाली मुरूम होता.

शक्य झाल्यास माती प्रयोगशाळेत द्या. जिल्ह्याच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत, कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात ही सोय असते. फळझाडांसाठी ०–३०, ३०–६० आणि ६०–९० सेंटिमीटर असे तीन थरांचे वेगवेगळे नमुने, प्रत्येकी अर्धा किलो, घ्यावेत. उकिरड्याजवळचा, बांधाजवळचा किंवा नुकतेच खत घातलेल्या जागेचा नमुना घेऊ नये. अहवालात सामू (माती आम्लधर्मी आहे की विम्लधर्मी, हे सांगणारा pH चा आकडा), क्षारता आणि मुक्त चुना हे तीन आकडे आधी पाहा, सामू ६.५ ते ७.५ असेल तर बहुतेक झाडांना ती माती चालते.

४. उन्हाळ्यातल्या पाण्याचा हिशेब करा

जुलैमध्ये झाडे लावताना पाण्याची चिंता कोणालाच नसते, म्हणून हा हिशेब एप्रिल-मे डोळ्यांसमोर ठेवून करावा. त्या दोन महिन्यांत घरी वापरून किती पाणी उरते आणि ते कोणते असते, या दोन गोष्टी लिहून काढा. बोअरच्या पाण्याने बादलीच्या कडेला आणि पानांवर पांढरे थर चढत असतील तर ते पाणी जड आहे आणि वर्षानुवर्षे तेच दिल्यास मातीत क्षार साठत जातील. आंबा आणि लिंबू क्षारांना फार नाजूक असतात; नारळ, चिकू आणि बोर ते बरेच सोसतात. पाणी कमी असेल तर सीताफळ, बोर, आवळा, शेवगा, करंज, बहावा ही झाडे पहिली दोन-तीन वर्षे जगवली की पुढे स्वतःच्या बळावर उभी राहतात.

५. आपल्या भागात काय येते ते पाहा

याचे उत्तर शोधण्यासाठी जुन्या वस्तीतून एक फेरी मारा. वीस-पंचवीस वर्षांची, फारशी निगा न घेतलेली, तरीही भरलेली झाडे कोणती आहेत ते पाहा आणि त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ते झाड कसे लावले, कधी फळले, कधी आजारी पडले हे विचारा. अशी माहिती कोणत्याही माहितीपत्रकात मिळत नाही आणि लोक ती आनंदाने देतात. शेजारच्या आजींनी दाखवलेल्या अंजिरावरून मला पुरंदरच्या मुरमाड जमिनीचे खरे गुण कळले.

ढोबळ मानाने सांगायचे तर कोकणात पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि नंतरचे सहा-सात महिने जवळजवळ कोरडे जातात. तिथे आंबा, काजू, नारळ, सुपारी, कोकम, जायफळ, मिरी आणि फुलांमध्ये सोनचाफा, बकुळ, सुरंगी, अनंत, अबोली खुशीत राहतात. गुलाबाला मात्र पावसाळ्यात पानांवरच्या काळ्या ठिपक्यांचा रोग सतावतो. समुद्राच्या अगदी लगत खारा वारा सोसणारे नारळ, उंडी आणि सुरू यांचीच भिंत आधी उभी करावी लागते. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेच्या पट्ट्यात पाऊस पाचशे-सातशे मिलिमीटरवर येतो. तिथल्या हलक्या, मुरमाड जमिनीत सीताफळ, डाळिंब, अंजीर, बोर, आवळा येतात आणि मध्यम काळ्या, निचरा होणाऱ्या जमिनीत पेरू, चिकू, लिंबू, केसर आंबा, मोगरा, गुलाब, जाई, जुई येतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून तिथे कोवळ्या रोपाला पहिले दोन उन्हाळे पश्चिमेकडून आडोसा देण्याची तयारी असल्याशिवाय खरेदीच करू नये.

जातींच्या बाबतीतही हेच. हापूसचे कलम पठारावर जगते, पण कोकणातला रंग, स्वाद आणि उत्पन्न तिथे मिळत नाही, शिवाय तो एक वर्षाआड फळतो. त्यापेक्षा पठारावर केसर घ्यावा. जागा अगदी थोडी असेल तर दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून आलेली, बुटकी राहणारी आम्रपाली पाहावी. कोकणातच लावायचा असेल आणि हापूसच्या फळात होणारा साका (गरातला पांढुरका, स्पंजासारखा भाग) नको असेल, तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तयार केलेला रत्ना उत्तम आहे. पेरूमध्ये सरदार ही जात पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात निवडलेली आहे आणि पठारावरच्या हवामानात ती इतकी वर्षे टिकली आहे, हेच तिचे प्रशस्तिपत्र. लिंबात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची साई सरबती, चिकूत कालीपत्ती, डाळिंबात भगवा आणि नारळात बाणावली ही नावे लिहून ठेवा.

सावलीच्या झाडांसाठी तामण, बहावा, करंज, कडुनिंब, पुत्रंजीव, सीतेचा अशोक यांचा आधी विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तामणीचे फूल हे आपले राज्यपुष्प आहे आणि मे महिन्यात फुललेले तामण पाहिल्यावर परदेशी झाडाची आठवण येत नाही. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. दिसायला देखणा असला तरी त्याची मुळे उथळ असतात आणि वादळात फांद्या मोडतात, म्हणून तो घराजवळ नको.

६. पूर्ण वाढलेल्या झाडासाठी जागा सोडा

पिशवीतले रोप हातभर उंच असते, त्यामुळे ते किती पसरेल हे मनावर ठसत नाही. साध्या पद्धतीने लावलेल्या आंब्याला आणि चिकूला सर्व बाजूंनी सुमारे १० मीटर, नारळाला ७.५ मीटर, पेरू आणि लिंबाला ६ मीटर, तर सीताफळाला ५ मीटर अंतर लागते. आम्रपालीसारखी बुटकी जात छाटणी करत अडीच-तीन मीटरवरही सांभाळता येते. वड, पिंपळ, उंबर आणि रबराचे झाड पाया, टाकी किंवा सांडपाण्याच्या नळाजवळ कधीही लावू नका. विजेच्या तारांखाली नारळ नको. घरात लहान मुले किंवा गुरे असतील, तर कण्हेर आणि बिट्टी टाळा, कारण दोन्ही विषारी आहेत.

शहराच्या हद्दीत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांसाठी झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा अधिनियम लागू आहे आणि स्वतःच्या अंगणातले झाड तोडण्यासाठीही वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. तेव्हा चुकीच्या जागी लावलेले झाड पुढे काढून टाकू, असा विचार मनात ठेवून लावू नये.

७. रोपवाटिका निवडा

फळझाडांची रोपे विकण्यावर महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्याचे नियमन आहे आणि अशा रोपवाटिकेला परवाना लागतो. परवाना दिसेल असा लावलेला आहे का ते पाहा, नसल्यास नम्रपणे मागा. जी रोपवाटिका स्वतःची मातृवृक्षांची बाग दाखवते, तिच्यावर विश्वास ठेवण्यास आधार असतो, कारण कलमाची काडी कोणत्या झाडावरून घेतली हे तिथे डोळ्यांनी पाहता येते. दापोली, राहुरी, अकोला आणि परभणी येथील चार कृषी विद्यापीठे व त्यांची संशोधन केंद्रे कलमे-रोपे विकतात. तिथे मागणी आधी नोंदवावी लागते आणि जूनमध्ये गर्दी असते, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच चौकशी करावी.

शोभेच्या झाडांची गोष्ट थोडी निराळी आहे. आपल्याकडच्या रोपवाटिकांतली बरीचशी शोभेची झाडे आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियम परिसरातून मालमोटारीने येतात. तिथल्या दमट, उबदार हवेत वाढलेले रोप दोन दिवसांचा प्रवास करून आपल्याकडच्या कोरड्या हवेत उतरते, तेव्हा त्याची पाने गळणे स्वाभाविक असते. म्हणून गाडी उतरलेल्या आठवड्यात खरेदी करू नका. हे रोप इथे किती दिवसांपासून आहे, असे विचारा आणि महिनाभर तरी इथे रुळलेलेच घ्या.

रस्त्यावर हातगाडीवर मिळणाऱ्या फळझाडांच्या बाबतीत मी कोणालाच सल्ला देणार नाही. स्वस्त असतात हे खरे, पण जातीची खात्री तिथे कोणीही देऊ शकत नाही.

८. रोपाची तपासणी : खालून वर

नवखा माणूस रोपाचे फूल पाहतो, मग पाने पाहतो आणि मुळे पाहतच नाही. हा क्रम उलटा करा.

प्रथम पिशवीचा तळ पाहा. मुळे पिशवीतून बाहेर पडून जमिनीत शिरली असतील, तर रोप उचलताना ती तुटतात आणि घरी आणल्यावर ते मान टाकते. असे रोप आवडलेच, तर ते उचलून सावलीत ठेवायला सांगा आणि पंधरा दिवसांनी न्या. तोवर ते सावरले तर घ्या. नंतर खोड दोन बोटांत धरून अलगद हलवा. रोप मातीसकट हलले पाहिजे. खोड मातीत सैल फिरत असेल किंवा माती भुसभुशीत वाटत असेल, तर छोट्या पिशवीतले रोप काल-परवा मोठ्या पिशवीत बसवून मोठ्या किमतीला ठेवले असण्याचा संभव असतो.

मग विक्रेत्याच्या परवानगीने एखादे रोप पिशवीतून काढून पाहा. दहा रोपे घेणाऱ्याला एक रोप दाखवायला चांगला विक्रेता नाही म्हणत नाही. मुळांची टोके पांढरी किंवा दुधाळ असावीत आणि माती त्यांनी धरून ठेवलेली असावी. तपकिरी, मऊ आणि कुजका वास येणारी मुळे असतील तर रोप संपलेले आहे, वरची पाने कितीही हिरवी असोत. जाड मुळे तळाशी दोरखंडासारखी गोल फिरलेली असतील, तर झाड लावल्यावरही ती तशीच फिरत राहतात आणि काही वर्षांनी खोडालाच आवळतात. मुळांवर गाठी दिसल्या, तर त्या नखाने खरवडून पाहा. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या नत्राच्या गाठी सहज सुटून येतात. सुटत नसतील आणि मूळच फुगलेले असेल, तर तो सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांत राहणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींचा प्रादुर्भाव आहे. असे एक रोप अंगणात आले की मागाहून लावलेली वांगी, टोमॅटो, भेंडी आणि डाळिंबही त्यातून सुटत नाहीत.

पिशवीतल्या मातीवर उगवलेले तणही बघा. लव्हाळा किंवा हराळी असेल तर ते रोप मुळीच घेऊ नका. लव्हाळ्याच्या गाठी मातीत खोल जातात आणि एका पिशवीतून आलेला लव्हाळा मी सहा वर्षे खणून काढत आहे.

त्यानंतर खोड. ते उंचीच्या मानाने जाड, सरळ आणि आधाराच्या काठीशिवाय उभे राहणारे असावे. लहान पिशवीतले खूप उंच रोप घेणे हा सर्वांत सामान्य सापळा आहे. उंच रोप लवकर झाड होईल असे वाटते, पण मुळे तेवढी नसल्याने ते वर्षभर जागचे हलत नाही, आणि शेजारी लावलेले बुटके, धट्टेकट्टे रोप दुसऱ्या पावसाळ्यात त्याला मागे टाकते. खोडावर जखमा, डिंक किंवा भोके नसावीत.

शेवटी पाने, आणि तीही उलटी करून. पानांच्या मागे आणि बेचक्यांत कापसासारखा पांढरा पुंजका असेल तर तो पिठ्या ढेकूण. बारीक जाळी आणि धुळीसारखे ठिपके असतील तर लाल कोळी. देठाला चिकटलेल्या तपकिरी टिकल्या म्हणजे खवले कीड. पाने चिकट असून मुंग्यांची रांग लागली असेल, तर वर मावा किंवा तुडतुडे नक्की असतात. लिंबाच्या पानांवर खरबरीत, पिवळी कडा असलेले उंचवटे म्हणजे खैऱ्या रोग. डाळिंबाच्या पानांवर किंवा फांदीवर तेलकट डाग दिसले, तर तो तेल्या रोग असू शकतो. तेव्हा ते रोपच काय, त्या ओळीतले कोणतेही डाळिंब घेऊ नका. पाने ताजी चकाकत असतील, तर ती नुकतीच फवारून पुसली आहेत का तेही विचारा.

फुलांनी लगडलेले रोप मोहात पाडते. फळझाडाचे किंवा झुडपाचे असे रोप घेण्यापेक्षा, कळ्या नुकत्याच येऊ लागलेले किंवा बिनफुलाचे, पण तीन-चार नवे कोंब असलेले रोप निवडावे. फुलांचा रंगच पाहायचा असेल, उदाहरणार्थ गुलाबाचा, तर एका रोपावर तो पाहा आणि त्याच जातीचे दुसरे रोप घ्या.

९. फळझाडांच्या कलमांची विशेष तपासणी

आंब्याचे कोय कलम किंवा मृदुकाष्ठ कलम घेताना जोड नीट निरखा. खुंट (खालचे, मुळे असलेले रोप) आणि काडी (त्यावर जोडलेली हव्या त्या जातीची फांदी) यांची जाडी सारखी असावी, जोड पूर्ण भरलेला असावा आणि प्लास्टिकची पट्टी काढल्यावर तिथे भेग दिसू नये. बीपासून वाढवलेल्या रोपाला पट्टी गुंडाळून कलम म्हणून विकण्याचे प्रकार घडतात, म्हणून पट्टी सोडवून दाखवायला सांगा. जोडाच्या वर आणि खाली सालीच्या रंगात व पोतात थोडा तरी फरक असतो. तो अजिबात नसेल तर शंका घ्या. कलम तीन-चार वर्षांत फळ देऊ लागते, रोपाला त्याच्या दुप्पट काळ लागतो आणि फळ आईसारखे निघेलच असे नाही. जोडाच्या खालून फूट आलेली असेल तर ती खुंटाची असते. ती वाढू दिल्यास कलमाची काडी मरते आणि आपण वर्षानुवर्षे खुंटालाच पाणी घालत राहतो.

संत्रे-मोसंबीसाठी खुंट कोणता आहे, हे विचारलेच पाहिजे. जंबेरी आणि रंगपूर लिंबू हे दोन खुंट वापरले जातात. डोळा (खुंटावर बसवलेली हव्या त्या जातीची कळी) जमिनीपासून वीस-पंचवीस सेंटिमीटर उंच भरलेला असावा, म्हणजे मातीतल्या बुरशीमुळे होणारा डिंक्या रोग जोडापर्यंत सहज पोहोचत नाही. चिकू खिरणीच्या खुंटावर बांधलेला घ्यावा. कोकम आणि जायफळ यांच्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, त्यामुळे बीपासून केलेल्या रोपांतील सुमारे निम्मी नर निघतात. ही झाडे मादीचे कलमच घ्यावीत.

नारळाचे रोप नऊ ते बारा महिन्यांचे, निदान सहा पानांचे आणि बुंध्याशी १० सेंटिमीटरहून अधिक घेराचे असावे. पाने लवकर फुटून वेगळी होऊ लागलेले रोप जोमदार मानतात.

१०. घरी आणल्यावर आणि लागवडीच्या दिवशी

रोपे उघड्या गाडीतून वाऱ्यावर आणू नका. तासाभराच्या वाऱ्यात पाने सुकतात. ओले गोणपाट गुंडाळून, उभी ठेवून आणा. घरी आल्यावर लगेच लावण्याची घाई करू नका. नवी रोपे जुन्या झाडांपासून लांब, पंधरा दिवस वेगळी ठेवा आणि रोज पानांची मागची बाजू पाहा, कारण किडीची अंडी खरेदीच्या दिवशी डोळ्यांना दिसत नाहीत. बहुतेक रोपे हिरव्या जाळीखालच्या सावलीत वाढलेली असतात. ती थेट उन्हात लावली तर पाने भाजून पांढरी पडतात, म्हणून पहिले चार-पाच दिवस फक्त सकाळचे कोवळे ऊन, मग अर्धा दिवस आणि दहा-पंधरा दिवसांनी पूर्ण ऊन, असे त्यांना सवयीचे करा.

पठारावर जून-जुलैमध्ये दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती खोलवर ओली झाली की लावा. भारी काळ्या जमिनीत किंवा अतिपावसाच्या भागात पाणी साचत असेल, तर जोराचा पाऊस ओसरल्यावर ऑगस्टच्या अखेरीस लावणे अधिक सुरक्षित ठरते. खड्डे मात्र एप्रिल-मेमध्येच घेऊन तापू द्यावेत. आंब्या-चिकूसाठी एक मीटर लांब-रुंद-खोल, पेरू-लिंबासाठी साठ सेंटिमीटर पुरतात. पिशवी ब्लेडने उभी चिरून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका, तळाशी गुंडाळलेली बारीक मुळे असतील तर ती हलकेच मोकळी करा. कलमाचा जोड मातीच्या वर, निदान वीतभर उंच राहिला पाहिजे. लगेच काठीचा आधार द्या, पण दोरी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा.

पहिल्या तीन वर्षांत आंब्याच्या कलमावर मोहोर आला, तर तो खुडून टाका. पहिल्या वर्षी माझे मन धजले नाही आणि त्या कलमाची वाढ दोन वर्षे मागे पडली. प्रत्येक झाडाजवळ जातीचे नाव, रोपवाटिका आणि लागवडीची तारीख लिहिलेली पत्र्याची पट्टी लावा, तीच नोंद वहीत पावतीसोबत ठेवा आणि पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा जोडाखालची फूट बोटाने मोडून काढत जा.